बांधाकडच्या चार काकऱ्या

परवा सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर अडकला. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी कडबा इतका बाहेर आलेला, की एकीकडं विजेचा खांब आणि दुसरीकडं रिक्षावाल्यांची बडबड. मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. घाई होती, तरी उभी राहिले. वाळलेल्या शाळूच्या धाटांना गोडसर, किंचित धुळीचा वास असतो. तो नाकात गेला की मी सांगलीतल्या सांगलीत जतकडच्या माझ्या माहेरगावी पोचते. एसटीला त्यासाठी अडीच तास लागतात.

फाल्गुनाच्या आसपास आमच्याकडं दोन हंगाम एकदम येतात. रानात रब्बीच्या ज्वारीची, म्हणजे शाळूची सुगी आणि देवळात ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस. देवळात म्हणजे चर्चमध्ये. आमच्या घरात त्याला देऊळच म्हणतात आणि कुणाला ते खटकत असेल तर खुशाल खटकू दे. शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली सहा साताऱ्याला. तिथं शिक्षकांच्या खोलीत मला दर वर्षी कुणीतरी नवीन माणूस म्हणायचं, "बाई, तुम्ही ख्रिश्चन असून तुमचं मराठी किती छान आहे." मग विचारायचं, मूळच्या कुठल्या तुम्ही? जतची, मी सांगायची. नाही, म्हणजे अगदी मूळच्या? अगदी मूळचीसुद्धा जतचीच, मी म्हणायची आणि पुढच्या तासाला निघून जायची.

रविवारी देवळात मुलांचा वर्ग घ्यायची, तो आता निवृत्तीनंतरही घेते. रोजच्या जगण्यातून शास्त्राचा धडा काढून दाखवायचा, हे माझं काम. त्याची इतकी सवय झालीय की मिठाची बरणी उघडली तरी धडा निघतो, दिवे गेले तरी निघतो, आणि सुईत दोरा जाईना झाला की माझी सून आपण होऊन म्हणते, आई, सुईच्या नाकातून जाणाऱ्या उंटाचं नका सांगू आता. हसतात घरातले. मीही हसते. पण एक सुगी अशी आहे, की तिच्यातून धडा काढायला बसले की आधी मला स्वतःचाच राग येतो. आप्पा गेले त्या वर्षीची सुगी. सहा वर्षं झाली, राग काही उतरत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मले. ऐन तरुणपणी पाय मोडून दोन महिने दवाखान्यात पडून होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसानं त्यांना शुभवर्तमान समोर धरून अक्षरं शिकवली. पाय बरा झाला, अक्षरं आली आणि माणूस ख्रिस्ताचा होऊन गावी परतला. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाचं एक असतं, तो लिहिलेलं खरं मानतो. शास्त्रात मोशेच्या नियमांत सांगितलंय, की शेत काढताना कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत काढू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. आमच्या देवळात यावर उपदेश होतात, औदार्य वगैरे. आप्पांनी उपदेश केला नाही. त्यांनी आमच्या तीन एकर काळ्या रानात विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या, बांधाला लागून असलेल्या चार काकऱ्या, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, सोडून दिल्या. कणसं धाटावर तशीच उभी. ज्याला गरज असेल त्यानं यावं, मोडून न्यावं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच नियमांत असंही आहे, की एखादी पेंढी शेतात विसरून आलात तर ती आणायला परत जाऊ नका. आता विसरलीच नाही तर हा नियम पाळायचा कसा, हा आप्पांपुढं पेच. म्हणून सुगीच्या शेवटच्या संध्याकाळी ते आम्हा भावंडांना सांगायचे, आज कुणीतरी एक पेंढी विसरायची. मग आम्ही दोघं घरी येईपर्यंत ती न विसरता विसरत यायचो. माझा भाऊ शमुवेल एकदा अर्ध्या वाटेवरून ओरडला होता, आप्पा, माझी पेंढी विसरलीय, लिंबाखाली आहे, लक्षात ठेवा. आप्पा इतके हसले होते की त्यांना वाटेतच बसावं लागलं.

त्या कोपऱ्यात पंधरा वर्षं दर सुगीला येणारी बाई म्हणजे शेवंताकाकू. आमच्या घरासमोर, बोळाच्या पलीकडं तिचं घर. तरणेपणी नवरा गेला, पदरी एक मुलगा, आनंदा. सुगी संपली की ती सकाळी गोणपाट घेऊन यायची, चार काकऱ्या वेचायची, पदरानं तोंड पुसून निघून जायची. आभार नाहीत, देणंघेणं नाही. अव्वा तिला रानातच भाकरी द्यायची. अव्वा म्हणजे आमची आई. सीमेवरच्या घरात कन्नड कधी शिरतं ते कळत नाही. शेवंताकाकू बिरोबाची, आम्ही येशूचे, आणि त्यावरून दोन्ही घरांत पंधरा वर्षांत एकही शब्द झाला नव्हता.

मग आप्पा गेले त्या वर्षी, पेरणी उरकल्यावर, तो अर्ज झाला. दर रविवारी दुपारी आमच्या अंगणात प्रार्थना असते. आठदहा माणसं, दोन टाळ, एक ढोलकी. ही प्रार्थना बंद करावी, असा अर्ज गावातल्या काही पोरांनी पंचायतीत दिला आणि त्यावर पहिली सही होती आनंदाची. सरपंच संकोचून घरी आले, म्हणाले, थोडे दिवस बंद ठेवा, वातावरण निवळू दे. आप्पा तेव्हा आजारीच होते. ते खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "बंद न्हाई ठेवत. तुमीच या की रविवारी. चा प्या, बसा, ऐका आमी काय म्हणतो त्ये." सरपंच चहा पिऊन गेले. रविवारी आले नाहीत, पण प्रार्थनाही थांबली नाही.

नाताळच्या आधी आप्पा गेले. त्यांना नेताना बोळ माणसांनी भरला होता. देवळातली होती तशी त्यांच्याबरोबर मेंढरं राखलेली म्हातारी माणसंही होती. फक्त समोरचं दार बंद होतं. शेवंताकाकूचं दार. आम्ही वीस पावलांवरून त्यांना उचलून नेलं आणि ते दार उघडलं नाही. शमुवेल तेव्हाच फौजेतून हवालदार म्हणून कायमचा घरी आलेला. त्यानं मान वळवून त्या दाराकडं एकदा पाहिलं, ते मी पाहिलं. माझ्याही मनात तेच होतं.

त्या वर्षी पाऊस फसला होता. पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो, असं शास्त्र सांगतं. जतला तो दोघांवरही सारखाच पडत नाही. गावात टँकर सुरू झालेले. आप्पांनी आपल्या हातानं पेरलेला शाळू कमरेएवढाच राहिला, पण कणसात दाणा भरला होता. मी आठ दिवसांची रजा काढून गेले. त्या सकाळचं ऊन मला अजून अंगावर आठवतं, कोरडं, टोचणारं. शाळू उपटायला आलेल्या बायका हाताला चिंध्या गुंडाळत होत्या, आणि अंगणात चहा पिता पिता शमुवेलनं टोळीच्या मुकादमाला सांगितलं, "यंदा कोपरा-बिपरा काय न्हाई. बांधापतूर साफ काढा."

अव्वा सुपात तूर पाखडत होती. हात थांबला. कोपरा विधवेचा असतो, ती म्हणाली. शमुवेल बायबल वाचलेला मुलगा, त्याच्याकडं उत्तर तयार होतं. विधवेसाठीच ठेवायचा ना, मग आता घरातच विधवा आहे, तिच्यासाठीच ज्वारी घरात आणतोय. ज्यांनी दार लावलं त्यांच्यासाठी आप्पांचं शेवटचं पीक उभं ठेवायचं नाही. त्याचा आवाज फाटला होता. खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं होतं. रूथची गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगत आले होते, परक्या देशातली विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते आणि तो गड्यांना सांगतो, तिच्यासाठी मुद्दाम चार कणसं टाकत जा. चित्रं काढून सांगते मी ती गोष्ट, आवाज बदलून सांगते. पण त्या सकाळी शेवंताकाकूच्या ओच्यात एक कणीस पडलेलं मला बघवलं नसतं.

अव्वानं सूप खाली ठेवलं आणि उठून उभी राहिली. उंची माझ्या खांद्याएवढी. "व्हय, मी विधवा हाय," ती म्हणाली. "मंग त्यो कोपरा माझा झाला. माझ्या कोपऱ्याला हात लावायचा न्हाई कुनी." आत गेली, आप्पांचा जुना पटका काढला, दातात धरून त्याच्या चिंध्या फाडल्या आणि रानात जाऊन चार काकऱ्यांच्या टोकाच्या धाटांना स्वतः बांधून आली. हवालदार बघत राहिला. टोळीनं तीन एकर काढलं आणि त्या चिंध्यांपाशी येऊन थांबली.

इथवर सगळं अव्वाचं. पुढची चूक माझी.

मला वाटलं, आपण शिकलेल्या. भांडण मिटवायची ही चांगली संधी आहे. कोपरा तर राहिलाच आहे, मग त्यातून काही चांगलं का साधू नये? नाव माझं मार्था, शास्त्रातल्या मार्थेसारखीच नको तिथं धावपळ करायची खोड. संध्याकाळी मी बोळ ओलांडून शेवंताकाकूकडं गेले. ती वाकळ शिवत होती. मी गोड बोलले, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि उठता उठता म्हणाले, काकू, कोपरा ठेवलाय तुमच्यासाठी, तेवढं आनंदाला त्या अर्जाचं बघायला सांगा. तिनं सुई वाकळीत टोचून ठेवली आणि "बरं" म्हणाली. मी घरी आले ती स्वतःवर खूश होऊन. शांती करणारे ते धन्य, हे वाक्यसुद्धा मला आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवंताकाकू आली नाही. अव्वा सकाळपासून बांधावर बाभळीखाली जाऊन बसली. मोकळ्या रानात तेवढा एक पट्टा उभा, त्यावर चिंध्या फडफडणाऱ्या, आणि पंचक्रोशीतली सगळी पाखरं जणू निरोप मिळाल्यासारखी तिथं उतरलेली. अव्वा त्यांना हाकलत नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशीही कुणी आलं नाही. कणसांची टोकं पांढरी, रिकामी दिसायला लागली. बोळात दोन्ही घरांची दारं समोरासमोर, पण त्यांच्या दारात कुणी दिसायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा न राहवून म्हणाले, एवढं पाखरं खाण्यापेक्षा आपणच मोडू, पोत्यात भरू आणि तिच्या घरी पोचवू. अव्वानं मान हलवली. घरी नेऊन दिलं की ते दान होतं, आणि दान घ्यायला मान खाली घालावी लागते. इथून ती स्वतः मोडून नेते तेव्हा ते तिचं असतं, देवानं तिच्या नावावर ठेवलेलं. असं ती तिच्या भाषेत, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगत होती, आणि मग एकदम माझ्याकडं वळून तिनं विचारलं, पण ती यंदा येत का नाही? आईला खोटं सांगायला मला या वयातही जमत नाही. मी अर्जाबद्दल काय बोलले ते सांगितलं.

अव्वा कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "रान आपलं हाय, पर त्यो कोपरा आपला न्हाई," ती म्हणाली. "जे आपलं न्हाईच, त्याचा सौदा तू कसा केलास, मार्था?" मी म्हणाले, प्रार्थनेसाठीच केलं ना, अव्वा. आपल्या भल्यासाठीच केलं. त्यावर ती म्हणाली, "प्रार्थना आपण ज्वारी देऊन इकत घ्यायची व्हय? आपल्या अंगणात बसून देवाचं नाव घ्यायला आनंदाची सही लागती का?" मग ती पाखरांकडं वळली. शास्त्रात विधवा म्हटलंय, चांगली विधवा म्हटलेलं नाही, जिच्या पोरानं सही केली नाही ती विधवा असंही म्हटलेलं नाही, असं काहीसं पुटपुटली. आणि मला सांगितलं, जा.

मी गेले. लाजत गेले हे कबूल करते. बोळ तेवढाच, वीस पावलं, पण मला रस्ता संपेना. शेवंताकाकू उंबऱ्यात बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की तो शब्द माझा होता, अव्वाचा नव्हता. अर्ज राहू दे, नाहीतर आणखी दहा अर्ज देऊ देत. कोपऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. मी चुकले. तीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईनं काढल्या, पण "मी चुकले" हे शब्द तोंडातून काढायला किती जड असतात ते तिथं कळलं. तिनं माझ्याकडं वर पाहिलं. "तुझ्या आप्पांनी पंधरा वर्सांत कवा एक शबूद इचारला न्हाई मला," ती म्हणाली. "तू लय शिकलीस."

ऊन कलल्यावर ती गोणपाट घेऊन रानात आली. अव्वा उठली, पदर खोचला आणि दोघी एकेका टोकानं कणसं मोडायला लागल्या. विधवा म्हणून हक्क सांगितला होता ना, मग वेचायलाही ती होतीच. मी बांधावर बसून होते, मला कुणी बोलावलं नाही. कणीस मोडल्याचा कट्ट आवाज, कोरड्या पात्यांची सळसळ, दूर टँकरचा भोंगा. त्या पाण्याबद्दल बोलत होत्या, गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. मधेच शेवंताकाकू थांबली आणि धाटाकडं बघत म्हणाली, "त्या दिशी दार आनंदानं लावलं. मी आतनं फटीतनं बघत हुते." अव्वानं हातातलं कणीस तिच्या गोणपाटात टाकलं. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "फट दिसत हुती." मला रडू आलं. त्या दोघी मात्र पुढच्या काकरीला लागल्या.

शमुवेल महिनाभर अव्वाशी धड बोलला नाही. त्याचं दुखणं खोटं नव्हतं आणि आजही मी त्याला नावं ठेवत नाही. पण पुढच्या रविवारी अंगणात चटया पडल्या. टाळ निघाले. गाणं सुरू झालं आणि आनंदानं समोर मोटारसायकल उभी करून ती नुसतीच घुमवायला सुरुवात केली, धूर आणि आवाज थेट अंगणात. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. अव्वानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. गाडीचं इंजिन दमेपर्यंत आम्ही गप्प बसून राहिलो. आवाज थांबला तसा अव्वानं ज्या ओळीवर थांबलो होतो तीच ओळ उचलली, वरच्या सुरात. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळेला शमुवेल घरातून बाहेर आला, चटईवर बसला आणि त्यानं ढोलकी मांडीवर घेतली. कोपऱ्याबद्दल त्याचं मत बदललं म्हणून नव्हे. त्याचा राग त्याच्याजवळच होता, पण हवालदारानं अंगण सोडलं नाही.

ही हकीकत सांगलीच्या देवळात कळली तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला साक्ष द्यायला सांगितलं. उपासाच्या दिवसांत फार उपयोगी पडेल म्हणाले. साक्षीचा साचा मला पाठ आहे. आधी संकट, मग विश्वास, मग शेवटी सगळ्यांची मनं पालटतात आणि टाळ्या. त्यांनी घरी येऊन आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग तो अर्ज मागं घेतला का? नाही, मी म्हणाले, अजून पंचायतीत आहे, मधे एक नवा पण दिलाय. मग त्या बाई प्रार्थनेला यायला लागल्या असतील? नाही, त्या बिरोबाच्या जत्रेला जातात, आणि त्यांनी आमच्याकडं यावं म्हणून कोपरा ठेवलेला नव्हता. आनंदा तरी बोलतो का? मोटारसायकल बदललीय त्यानं, नवी जास्त आवाज करते. माझी अव्वा थकलीय, पण अजून रविवारी त्या गाडीपेक्षा वर गाते.

गृहस्थ चांगले होते, पण गोंधळले. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला. ते म्हणाले, "पण बाई, मग इतकं करून शेवटी हाती काय लागलं?"

"आमच्या हाती काही नाही," मी म्हणाले. "शेवंताकाकूच्या हाती पाखरांनी खाऊन उरलेली दोन पायली ज्वारी लागली. साक्ष द्यायची तर मी एवढीच देईन."